टोळी निघण्याआधीचं वाचन

दिशाने पुस्तकाची दोन पानं एकदम उलटली आणि तरी ती न अडखळता वाचत राहिली. दिपाली मॅडम तिच्या मागे उभी होती. उघडलेल्या पानावर विहिरीचं चित्र होतं आणि दिशा जत्रेचा पाठ वाचत होती. तिचं बोट ओळीखालून सरकत होतं, ओळ संपली की खालच्या ओळीवर येत होतं, मध्ये थांबायचं तिथे थांबतही होतं. फक्त त्या ओळी जत्रेच्या नव्हत्या.

ही सप्टेंबरमधली गोष्ट. दिपालीला बोरदरा वस्तीच्या जिल्हा परिषद शाळेत बदलून येऊन तीन महिने झाले होते. पहिली ते चौथी, दोन खोल्या, एकवीस मुलं. त्याआधी तीन वर्षं दुसऱ्या शिक्षकाची जागा रिकामी होती आणि मुख्याध्यापक गोरक्षनाथ गुरुजी चारही वर्ग एकटे सांभाळत होते. तरीही केंद्रातल्या अकरा शाळांमध्ये वाचनात बोरदऱ्याचा पहिला नंबर होता, सलग सहा वर्षं. दिपाली राहायची त्या पाथर्डीत इतर शिक्षक तिला म्हणायचे, नशीबवान आहात, तयार शाळा मिळाली.

त्या दिवशी मधल्या सुट्टीत दिपालीने जुन्या वहीच्या पुठ्ठ्याची एक पट्टी कापली आणि तिच्या मधोमध एका शब्दाएवढी खिडकी पाडली. पट्टी पानावर ठेवली की चित्र झाकलं जायचं, मागचं-पुढचं झाकलं जायचं आणि एकच शब्द दिसायचा. तिने दिशाला बोलावलं.

दिशाने खिडकीकडे पाहिलं, मग मॅडमच्या तोंडाकडे, मग हळूच पट्टी बाजूला सारायला लागली.

"राहू दे ती. आतला शब्द वाच."

"हे काढा ना मॅडम. हे असल्यावर वाचता येत न्हाई."

दिपालीने बी.एस्सी. करून मग डी.एड. केलं होतं. एका मोजणीवर विश्वास ठेवायचा नाही, ही सवय तिला प्रयोगशाळेतून लागली होती. पुढचे चार दिवस तिने एकेका मुलाला त्याच जागी, त्याच वेळेला, तेच दहा शब्द दाखवले. पाच पुस्तकातले, पाच बाहेरचे. पाच मुलांनी वाचले. सोळा मुलं खिडकीपाशी अडली. चौथीतली दिशा त्या सोळांत होती. तिला अठ्ठेचाळीसपैकी एकतीस अक्षरं सुटी ओळखता येत होती. दोन अक्षरं शेजारी आली की ती गप्प व्हायची.

दिपाली तो कागद घेऊन गुरुजींकडे गेली. ते खिचडीसाठी तांदूळ निवडत बसले होते, कारण स्वयंपाकाच्या मावशी त्या दिवशी आल्या नव्हत्या.

"किती निघाली?" त्यांनी वर न पाहता विचारलं.

"सोळा."

"मी अठरा धरली होती. दोन जास्त शिकली म्हणायची."

"तुम्हाला माहीत होतं?"

"पाठ मीच करून घेतलेत, मॅडम. मला माहीत नसणार तर कुणाला?"

ती समोर बसली. गुरुजींनी ताट बाजूला ठेवलं.

"बारा वर्षांपूर्वी आलो इथं," ते म्हणाले. "दसरा झाला की टोळी ऊसतोडीला निघायची आणि वर्ग रिकामा. मी घरोघर फिरलो. म्हटलं, पोरांना आजीजवळ ठेवून जा. लोक म्हणाले, शिकतंय का ते दाखवा, मग ठेवतो. रास्तच होतं त्यांचं. म्हणून हा वाचनाचा दिवस काढला. टोळी निघायच्या आदल्या दिवशी आईबाप शाळेच्या ओट्यावर बसतात, पोरगं समोर उभं राहून एक पान वाचतं. वाचलं तर राहतं. नाही वाचलं तर ट्रॅक्टरमध्ये."

"आणि ते पान पाठ असतं."

"पहिल्या साली नव्हतं. न शिकवलेलं पान दिलं मी. तुमच्यासारखंच. सगळी अडखळली. दुसऱ्या दिवशी शाळेत मी आणि तीन पोरं. गेलेल्यांतली दोन परत आलीच नाहीत." त्यांनी एक खडा काढून बाहेर टाकला. "मग पाठ करून घ्यायला लागलो. पाठ म्हणून का होईना, पोरगं इथं राहतं. मार्चपर्यंत पाच महिने हातात मिळतात. त्यात शिकवावं, असं धरलं होतं."

"शिकवलं?"

"एकटा होतो मॅडम. चार वर्ग, ही खिचडी, मतदार याद्या, ऑनलाइन माहिती. पाच शिकली की. तुम्हीच मोजलीत."

भांडावं असं त्यात काही नव्हतं. तरी ऑक्टोबरच्या सुरुवातीला वाचन चाचणीची माहिती भरायची वेळ आली तेव्हा दोघांचं भांडण झालं. जिल्ह्याकडून आलेल्या पत्रात लिहिलं होतं की मागे पडलेल्या शाळांना वर्षभरासाठी एक स्वयंसेवक शिक्षक मिळेल आणि दसऱ्यानंतर जिल्ह्याचं पथक येऊन पडताळणी करील. दिपालीचं म्हणणं सरळ होतं. सहा वर्षं आपण शंभर टक्के लिहिलं, म्हणून तीन वर्षं दुसरा शिक्षक मिळाला नाही. ताप लपवला तर औषध कोण देणार?

"भरू नका," गुरुजी म्हणाले. "हात जोडतो. वर तो नुसता आकडा असतो. इथं वस्तीवर उतरला की पोराचं नाव होतं."

"सोळा मुलं आहेत गुरुजी."

"म्हणूनच म्हणतो."

तिने खरं भरलं. प्रत्येक मुलाच्या नावापुढे त्याचा स्तर निवडायचा होता: प्रारंभिक, अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. दिशाच्या नावापुढे तिने 'अक्षर' निवडलं.

तीन दिवसांत तक्ता आला. अकरा शाळांत बोरदरा अकरावा, लाल रंगात. मुलांच्या नावांची यादी शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांकडेही गेली. अध्यक्ष म्हणजे बजरंग मुकादम, टोळी घेऊन जाणारा. त्याने ती संध्याकाळी मारुतीच्या पारावर सगळ्यांना वाचून दाखवली. त्यात त्याचा काही वाईट हेतू नव्हता. शाळेचा कागद आला की तो नेहमीच वाचून दाखवायचा.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आत दिशाची आई राजेश्वरी फाटकात उभी होती. कडेवर अकरा महिन्यांचा रविराज होता.

"मॅडम, मुकादम म्हनतो दिशाच्या नावापुढं 'अक्षर' लिवलंय. अक्षर म्हंजी चांगलं का वाईट?"

"म्हणजे तिला काही अक्षरं ओळखता येतात. जोडून शब्द वाचता येत नाही अजून."

"कवापासून येत न्हाई?"

"पहिल्यापासून."

"मागल्या दसऱ्याला वाचलं की तिनं. मी ह्या इथंच बसल्ते. पोटुशी हुते, उठता येत नव्हतं, पर तिचं वाचून झाल्यावर उठून उभी ऱ्हायले."

"ते पाठ होतं, ताई."

राजेश्वरीने बाळ या कडेवरून त्या कडेवर घेतलं. "म्हंजी पोरगी लबाडी करत हुती."

"नाही. तिची काही चूक नाही. चूक शाळेची आहे. तो आकडा शाळेचा आहे."

"नाव तर तिचं हाय पुढं."

दिपाली घाईने बोलू लागली. म्हणूनच दिशाला इथे ठेवा, आता मी आहे, दोन शिक्षक आहेत, मार्चपर्यंत ती नक्की वाचेल.

"तीन वरीस ठेवली मॅडम," राजेश्वरी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "यंदा हा हाय. आमी दोघं तोडनीला गेल्यावर ह्याला कोन धरनार? सासूबाईला डोळ्यानं दिसत न्हाई, त्या येऊन काय करत्याल? तरी म्या ह्यांना म्हनलं हुतं, पोरगी वाचती तर तिला न्यायची न्हाई. ह्याला पाटीत घालून उसाच्या कडंला ठेवीन. पाचट टोचतं, इच्चूकाटं असतं, तरी ठेवीन म्हनलं. तिला येत असंल तर. येतच नसंल, तर ह्या लेकराला कशापायी उन्हात टाकू? तुमीच सांगा."

"टोळी कधी निघते?"

"आजपास्नं बारा दिवसांनी."

"मग वाचनाच्या दिवसाला अकरा दिवस आहेत. त्या दिवशी ती वाचेल. खरं वाचेल."

"वाचली तर ऱ्हाईल," राजेश्वरी म्हणाली. "मी शब्द देते."

ती गेल्यावर दिपालीच्या लक्षात आलं की आपल्या वाक्याला कसलाही आधार नव्हता. अकरा दिवसांत कुठलंही मूल वाचायला शिकल्याचं तिने पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून ती पाथर्डीहून साडेआठलाच स्कूटीवर यायला लागली. दिशा तिच्याआधी फाटकाशी बसलेली असायची. शाळा भरायच्या आधी दीड तास, मधल्या सुट्टीत अर्धा, सुटल्यावर एक. दिपालीने वहीच्या शेवटच्या पानावर रोजची नोंद ठेवली. तिसऱ्या दिवशी अडतीस अक्षरं. पाचव्या दिवशी पंचेचाळीस. सहाव्या दिवशी दिशाने 'नळ' वाचला, मग 'गवत', आणि मान वर करून विचारलं, "मॅडम, ह्यात पाठ काय करायचंच न्हाई का?"

"नाही."

"मग लक्षात कसं ऱ्हातं?"

"लक्षात ठेवायचं नाही. दरवेळी बघायचं."

दिशाला हे फसवणुकीसारखं वाटलं. तिने 'गवत' पुन्हा वाचून पाहिलं. पुन्हा 'गवत'च आलं. ती हसली, आणि मग तिने भिंतीवरचं, डब्यावरचं, गुरुजींच्या पिशवीवरचं जे काना-मात्रा नसलेलं असेल ते शोधायला सुरुवात केली. आठव्या दिवशी काना आला, नवव्या दिवशी पहिली वेलांटी. दिपालीने नोंदींची रेघ पुढे वाढवून पाहिली. याच वेगाने अकराव्या दिवशी साधे शब्द, कदाचित एखादं छोटं वाक्य. जोडाक्षरं नाहीत. जोडाक्षरांना महिना हवा होता.

एक गोष्ट मात्र तिने मोजलीच नव्हती. ती दहाव्या दिवशी कळली.

गुरुजी सगळ्या मुलांकडून उद्याचं पान म्हणून घेत होते. दिशाची पाळी आली. तिने पुस्तक उघडलं, बोट ठेवलं आणि "आमच्या गावच्या" म्हणाली. तिची नजर पुढच्या शब्दावर गेली आणि ती थांबली. पुढे 'जत्रेत' होतं. तिला 'ज' कळत होता, 'त' कळत होता, मधलं अक्षर ती कधी शिकली नव्हती. सप्टेंबरमध्ये हाच पाठ तिने दुसरंच पान उघडून न अडखळता म्हटला होता.

"म्हण की पुढं," गुरुजी म्हणाले.

"हे कसलं अक्षर हाय, गुरुजी?"

तिने पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडली. ते अक्षर सोडून पुढे गेली तर पुढचा शब्द जोडत बसली. पाठ असलेली ओळ तिच्या तोंडात येत होती, पण डोळे तिला मध्येच ओढून कागदावर आणत होते आणि ओळ तुटत होती. चौथ्या वेळी ती रडायला लागली.

गुरुजींनी दिपालीला बाहेर बोलावलं.

"मॅडम, हिचं पाठांतर मोडलं."

"ती बघायला लागली आहे, गुरुजी. शिकताना असंच होतं."

"होत असेल. उद्या वाचन आहे. आता तिला पाठही म्हणता येत नाही आणि वाचताही येत नाही. म्हणजे इकडनंही गेली, तिकडनंही गेली." त्यांनी टोपी काढून हातात धरली. "एक दिवस बघू नको म्हणा तिला. एकच दिवस. राहिली की मग सगळं बघू द्या."

शाळा सुटल्यावर दिपालीने दिशाला थांबवलं. आपण काय बोलणार आहोत हे तिला माहीत होतं, म्हणून ती दिशाकडे न पाहता बोलली.

"दिशा, उद्या पुस्तकाकडे बघू नकोस. जत्रेचा पाठ पूर्वीसारखा तोंडपाठ म्हण."

"पर तुमीच म्हनल्या, दरवेळी बघायचं."

"उद्याच्या दिवस नको."

"मग डोळं कुठं ठेवू?"

"मागे बाभळीकडे बघ."

दिशाने मान हलवली. तिने तिथेच करून पाहिलं. बाभळीकडे पाहून चार ओळी नीट आल्या. पाचवीला तिची मान आपोआप खाली गेली.

वाचनाच्या दिवशी दहा वाजता ओटा भरला. बायका एका बाजूला, बाप्ये दुसऱ्या बाजूला. बहुतेकांची बांधाबांध अर्धी झालेली होती. गुरुजींनी नेहमीप्रमाणे पुस्तकांचा गठ्ठा आणला तसा बजरंग मुकादम म्हणाला, "गुरुजी, यंदा ती पुस्तकं ऱ्हाऊ द्या. यंदा कागद आमी आनलेत."

लोकांनी खरंच आणले होते. लग्नपत्रिका, खताची रिकामी पिशवी, वीजबिल, देवीच्या वर्गणीची पावती. गुरुजी पुस्तकांचा गठ्ठा हातातच धरून उभे राहिले.

पहिल्यांदा वस्तीवर लसीकरणाचं काम बघणाऱ्या आशाताईंचा मुलगा उभा राहिला. त्याने लग्नपत्रिका वरपासून खालपर्यंत वाचली. लोक खूश झाले. मग तिसरीतल्या एका मुलीला तिच्या चुलत्याने वीजबिल दिलं.

"वाच, लाईट बिल हाय."

"अरं, ते मला बी वाचता येत न्हाई," मागून कोणी म्हणालं, "आन मी धाव्वी हाय."

"धाव्वी नापास म्हन."

हशा झाला. त्या हशात मुलगी उभी होती आणि कागदाकडे पाहत होती. ती एक शब्दही बोलली नाही. चुलता कागद काढून घेत म्हणाला, "चल, बांध बोचकं." पुन्हा हशा झाला, पण आधीपेक्षा कमी. असं पुढे होत गेलं. एक मूल उभं राहायचं, कागद पुढे यायचा, मूल खाली बसायचं. पहिलीतली मुलं मोठ्या भावंडांच्या मागे मोजली जात होती; मोठं जाणार तर तेही जाणार. दिपाली भिंतीला टेकून मनात आकडा धरत होती. अकरा. बारा.

दिशाचं नाव आल्याबरोबर गुरुजींनी घाईने पुस्तक तिच्या हातात दिलं. "हिचं पुस्तकातलंच होऊ द्या. जत्रेचा पाठ," ते म्हणाले. राजेश्वरीने हरकत घेतली नाही. तिचा नवरा अंगद तिच्यामागे उभा होता. आजी छबूबाई काठी धरून पायरीवर बसली होती.

दिशाने बाभळीकडे पाहिलं. "आमच्या गावच्या जत्रेत मोठा पाळणा येतो. पाळण्यात बसायला..." तिसऱ्या ओळीपर्यंत ती नीट गेली. मग तिची नजर खाली आली. ती थांबली, ओठ हलले, पुढच्या शब्दाचं पहिलं अक्षर तिने मोठ्याने म्हटलं, मग दुसरं. तिने पुन्हा बाभळीकडे पाहिलं, पण आता तिला कुठे थांबलो हे आठवेना.

"तेच ते पान हाय मागल्या सालचं," राजेश्वरी हळू आवाजात म्हणाली. "मला ओळख लागली."

ती उठली. कमरेच्या पिशवीतून तिने रविराजचं लसीकरणाचं कार्ड काढलं आणि दिशासमोर धरलं. "हे वाच. तुझ्या भावाचं हाय. हे तुला कुनी शिकवलं नसंल."

कार्डावर छापील ओळी होत्या आणि रिकाम्या जागी आशाताईंच्या अक्षरात निळ्या शाईने भरलेलं. दिशाने ते जवळ घेतलं. छापील भागात जोडाक्षरं होती. तिने ती ओलांडली. तिचं बोट निळ्या शाईवर येऊन थांबलं.

"र," ती म्हणाली. मग बराच वेळ काही नाही. "व. वला वेलांटी. वि. रवि." तिने श्वास घेतला. "र. रला काना. रा. ज."

ती कार्डाकडेच पाहत होती.

"र-वि-रा-ज," ती म्हणाली, आणि मग एकदम, "रविराज!"

दिपाली भिंतीपासून सुटली. हाताने लिहिलेला, वेलांटी आणि काना असलेला चार अक्षरांचा शब्द, कधी न पाहिलेल्या कागदावरचा. असा शब्द तिने दिशाला दिलाच नव्हता. सगळ्या ओट्यावर काय घडलं हे फक्त तिला कळलं होतं, आणि कदाचित गुरुजींना.

"वाचलं!" ती म्हणाली. "राजेश्वरीताई, वाचलं तिने."

राजेश्वरी तिच्याकडे पाहत राहिली. "भावाचं नाव हाय मॅडम. तिला म्हाइतच हाय."

"नाही, माहीत असतं तर पटकन म्हटलं असतं. ती एकेक अक्षर लावत गेली. ऐकलंत ना तुम्ही? वेलांटी म्हणाली, काना म्हणाली. हेच वाचणं असतं, ताई. सुरुवातीला असंच अडखळत येतं."

"मागल्या साली कशी झरझर वाचत हुती," राजेश्वरी म्हणाली. "आता बोबडी वळल्यागत करती. तुमी शिकवल्यापास्नं उलट कमी झालंय तिचं."

"ते वाचणं नव्हतं! हे आहे!"

आपला आवाज फाटला हे दिपालीला ऐकू आलं. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. बजरंग मुकादम समजुतीने म्हणाला, "मॅडम, एक नाव वाचायला पोरीनं इतका येळ घेतला. चहा झाला असता तेवढ्यात."

कोणी हसलं नाही. अंगद पुढे आला. त्याने दिशाच्या हातातून कार्ड घेतलं आणि बायकोला दिलं.

"जाऊ द्या मॅडम," तो म्हणाला. "तुमी लई कष्ट घेतलं. पोरगीच हुशार न्हाई, त्याला तुमी काय करनार."

दिशा अजून तिथेच उभी होती. तिने बापाकडे पाहिलं, मग मॅडमकडे. तिच्या चेहऱ्यावर आत्ताच जे आलं होतं ते कुठे ठेवावं हे तिला कळत नव्हतं. मग ती आजीच्या शेजारी पायरीवर जाऊन बसली.

गुरुजींनी पुढचं नाव घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला दिपाली वस्तीवर पोहोचली तेव्हा ट्रॅक्टरच्या दोन्ही ट्रॉल्या भरत आल्या होत्या. बोचकी, भांडी, चुलीची लाकडं, दोन शेळ्या. दिशा मागच्या ट्रॉलीत गोधड्यांच्या ढिगावर बसली होती, मांडीवर रविराज.

"मी तिला माझ्याकडे पाथर्डीला ठेवते," दिपाली राजेश्वरीला म्हणाली. "माझ्याबरोबर येईल, माझ्याबरोबर जाईल. मार्चला परत घ्या."

"आन ह्याला कोन धरील?"

"तुम्ही म्हणाला होतात, पाटीत घालून..."

"म्हनले हुते." राजेश्वरीने दोरीची गाठ आवळली. "येत असंल तर, असं म्हनले हुते. मी माझ्या शब्दाला खोटी न्हाई मॅडम. तुमी सांगितलं ती वाचंल, मी सांगितलं ठेवीन. समद्यांसमोर झालं. आता मला अजून काय करायला सांगता?"

दिपालीने पिशवीतून शिक्षण हमी कार्ड काढलं. कारखान्याच्या गावच्या शाळेत हे दाखवा, दिशाला तिथे बसवून घेतील, तिने सांगितलं. राजेश्वरीने ते लसीकरणाच्या कार्डासोबत ठेवलं.

"शाळा लांब असती आमच्या ऱ्हायच्या कोप्यांपास्नं," ती म्हणाली. "पर ठेवते."

दिपाली ट्रॉलीपाशी गेली. "दिसेल ते वाचत जा," ती दिशाला म्हणाली. "जोडाक्षर आलं तर सोडून दे, पुढचं वाच."

"व्हय," दिशा म्हणाली. मोठ्या माणसांचं बोलणं लवकर संपावं म्हणून मुलं म्हणतात तसं. रविराज तिच्या केसांची बट ओढत होता आणि ती एकेक बोट सोडवत होती.

पंधरा मुलं गेली. गुरुजींच्या आठवणीत पहिलं वर्ष सोडलं तर एवढी कधी गेली नव्हती.

दोन दिवसांनी जिल्ह्याचं पथक आलं. एक साहेब आणि एक तरुण बाई, हातात टॅब. वर्गात सहा मुलं होती. त्यातलं एक पहिलीतलं, आणि पथक पहिलीची चाचणी घेत नव्हतं. उरलेल्या पाचांनी एकापाठोपाठ एक परिच्छेद वाचला, दोघांनी गोष्टही वाचली. बाईंनी टॅबवर बोट फिरवलं आणि साहेबांना दाखवलं.

"शंभर टक्के," साहेब म्हणाले. "आणि तुम्ही स्वतःला लाल यादीत घातलं होतं? कमाल आहे. माहिती भरताना जरा बघून भरत जा मॅडम, उगाच शाळेचं नाव खराब होतं."

"सर, पंधरा मुलं ऊसतोडीला गेली. ती वाचत नाहीत. त्यांना मोजा."

"हजर असतील त्यांचंच मोजतात."

"मग आम्हाला स्वयंसेवक शिक्षक?"

"शंभर टक्के शाळेला कशाला?" ते हसले. त्यात खवचटपणा नव्हता. त्यांना अजून चार शाळा करायच्या होत्या. त्यांनी पडताळणीचा छापील कागद सहीसाठी पुढे केला. गुरुजींनी खाली मान घालून सही केली.

दिपालीने कागद घेतला आणि उलटा केला. मागची बाजू कोरी होती. तिने पट्टीने रकाने आखले आणि पंधरा नावं लिहायला सुरुवात केली. नाव, इयत्ता, स्तर. तिला एकही नाव यादीत पाहावं लागलं नाही. बाहेर गाडी सुरू झाली. साहेबांनी एकदा घड्याळ बघितलं, एकदा ते पाणी पिऊन आले.

शेवटचं नाव दिशाचं होतं. चाचणीच्या नियमाप्रमाणे पाचपैकी चार शब्द वाचले तरच 'शब्द' स्तर. दिपालीचं पेन थांबलं.

गुरुजी शेजारी येऊन उभे होते. "'शब्द' लिहा," ते हळूच म्हणाले. "आता कोण विचारतंय?"

तिने 'अक्षर' लिहिलं. मग रकान्याच्या बाहेर, कागदाच्या कडेपर्यंत जाईल अशा बारीक अक्षरात लिहिलं: एक शब्द वाचला. न शिकवलेला. आईवडिलांसमोर.

खाली तारीख घालून तिने सही केली.

टॅबवाल्या बाईंनी कागद घेतला, सुलटा केला, टेबलावर सपाट धरला आणि पुढच्या बाजूचा फोटो काढला. "मागचं अपलोड होत नाही मॅडम," त्या म्हणाल्या आणि कागद परत दिला.

गाडी फाटकातून बाहेर पडली. वर्गात सहा मुलं पुस्तकं उघडून वाट बघत बसली होती.